दोन शब्दांमधली फट
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



विषय ऐकून तुमच्यातले काही जण हसले, ते मी पाहिलं. इंग्रजीतले सारखे वाटणारे शब्द आणि त्यांच्या अर्थातला फरक. हा काय चळवळीचा विषय झाला? हा तर दहावीच्या गाइडातला पाच मार्कांचा प्रश्न. बाहेर झोपड्या तुटताहेत, भरत्या रखडल्यात, गावाकडं नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरातीवर दगड पडताहेत, आणि हा बाबा इथं डिक्शनरी घेऊन उभा राहिलाय!

मी मास्तर नाही. बावीस वर्षं कचेरीत कागद टाइप करून पोट भरलं. त्या बावीस वर्षांत एक गोष्ट नीट कळली. साहेब तोंडानं काहीही बोलतो. गोड बोलतो, खांद्यावर हात ठेवतो, चहा पाजतो. पण कागदावर शब्द घालायची वेळ आली की तो थांबतो, चष्मा पुसतो आणि दोन सारख्या शब्दांतला एक निवडतो. तो निवडतो याचा अर्थ त्या दोन शब्दांत फरक आहे. आणि तो फरक कोणाच्या तरी भाकरीचा आहे.

दुसरी गोष्ट अशी, की इंग्रजीतले ते दोन शब्द आपल्या बोलण्यात येईपर्यंत त्यांचा एकच होऊन जातो. तिकडं दोन, इकडं एक. त्या दोन शब्दांमध्ये एक फट असते. मराठीत ती बुजलेली दिसते, म्हणून आपण तिच्यावरून बेधडक चालत जातो. आपला हिस्सा नेमका तिथं खाली पडतो. आज अशा पाच-सहा फटी दाखवायच्या आहेत. व्याकरण नाही, हिशेब.

पहिली फट आपल्या नावातच आहे.

'डिप्रेस्ड', 'सप्रेस्ड', 'ऑप्रेस्ड'. तिन्ही एकाच आईची लेकरं. तिघांच्या पोटात 'प्रेस' आहे, म्हणजे दाबणं. मराठीत तिघांनाही आपण 'दडपलेले' म्हणून मोकळे होतो. पण बघा. 'डिप्रेस्ड' म्हणजे खाली दबलेला. कोणी दाबलं? शब्द सांगत नाही. जमीन खचते तसा हा माणूस आपोआप खचला असावा, असं वाटतं. 'सप्रेस्ड' म्हणजे वर येत होतं ते दाबून ठेवलेलं. बंड दाबतात, बातमी दाबतात, पुरावा दाबतात. आणि 'ऑप्रेस्ड' म्हटलं की दाबणारा समोर उभा राहतो. 'ऑप्रेसर' हा शब्द लगेच तयार होतो, जुलूम करणारा. आता 'डिप्रेस्ड'पासून 'डिप्रेसर' करून बघा. डॉक्टर घसा तपासताना जिभेवर जी पट्टी दाबतात ना, तिला 'टंग डिप्रेसर' म्हणतात. बस्स. एवढाच दाबणारा त्या शब्दातून बाहेर येतो. तोही जीभ दाबणारा!

हे नाव आपल्याला कसं चिकटलं? 1906 साली मुंबईत विठ्ठल रामजी शिंद्यांनी 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' काढलं. शिंद्यांनी घरादाराची पर्वा न करता काम केलं, त्याबद्दल मला आदर आहे. पण संस्थेचं मराठी नाव ऐका: भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी. 'डिप्रेस्ड'चं मराठीत 'निराश्रित' झालं. ज्याला आश्रय नाही तो निराश्रित. म्हणजे आश्रय देणारा कोणीतरी दाता आलाच. बाबासाहेबांनी 1924 साली आपली संस्था काढली तेव्हा नाव ठेवलं बहिष्कृत हितकारिणी सभा, आणि 1927 साली पत्र काढलं ते 'बहिष्कृत भारत'. बहिष्कृत म्हटलं की विचारावंच लागतं, बहिष्कार कोणी घातला? निराश्रिताला दाता लागतो, बहिष्कृताला गुन्हेगार सापडतो.

सरकारी इंग्रजीत मात्र 'डिप्रेस्ड' चालूच राहिलं. 1931 च्या नोव्हेंबरात, दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी पुरवणी निवेदन दिलं. त्यात त्यांनी हे नाव हीनत्व आणणारं आहे म्हणून बदला, असं मागितलं. पर्याय सुचवले ते 'नॉन-कास्ट हिंदू', 'प्रोटेस्टंट हिंदू' किंवा 'नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू'. त्यातला 'प्रोटेस्टंट' बघा. निषेध करणारा. राज्यघटनेचा एवढा मोठा झगडा चाललाय, जागांचा प्रश्न पेटलाय, आणि हा माणूस लंडनमध्ये बसून एका विशेषणासाठी भांडतोय. का भांडतोय? कारण खचलेल्याला मदत मिळते आणि निषेध करणाऱ्याला वाटाघाटीच्या टेबलावर खुर्ची द्यावी लागते.

1935 च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' आलं. शेड्यूल म्हणजे कायद्याला जोडलेली यादी. थंडगार शब्द. त्यात ना दुःख, ना राग. 1938 साली मुंबईच्या विधानसभेत 'हरिजन' हा शब्द कायद्यात घुसवायचा घाट घातला गेला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. देवाचं लेकरू होण्यापेक्षा यादीतलं नाव बरं, हा त्यातला व्यवहार होता. यादीवर दावा लावता येतो. देवावर लावता येत नाही.

आणि 'दलित'? दळलेला, भरडलेला. जातं आलं की जातं फिरवणारा हात आला. म्हणून 1972 साली मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा पोरांनी हाच शब्द छातीवर घेतला. 2018 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने खाजगी वाहिन्यांना सूचना पाठवली की 'दलित' म्हणणं टाळा, 'शेड्यूल्ड कास्ट' म्हणा. आता फरक तुम्हीच ओळखा. दाखल्यावर 'अनुसूचित' हवाच, तो आपला कायदेशीर हक्क आहे, तो मी खिशात जपून ठेवतो. पण यादीतला माणूस यादी दाखवतो, दलित म्हणवणारा माणूस दळणाऱ्याकडं बोट दाखवतो. ते बोट त्यांना खुपतं.

दुसरी फट. 'इलेक्टोरेट' आणि 'कॉन्स्टिट्युएन्सी'.

मराठीत दोन्हीला आपण 'मतदारसंघ' म्हणतो. विभक्त मतदारसंघ, राखीव मतदारसंघ. ऐकायला एकाच घरातले दोन भाऊ वाटतात. आपल्या पोरांना विचारा, पुणे कराराने काय गेलं? निम्मी पोरं म्हणतात, राखीव मतदारसंघ तर आहेतच की, मग गेलं काय?

इंग्रजीत 'इलेक्टोरेट' म्हणजे मत देणारी माणसं. 'कॉन्स्टिट्युएन्सी' म्हणजे जिथून प्रतिनिधी निवडून जातो तो भाग. आणि 'सीट' म्हणजे निवडून आल्यावर बसायची खुर्ची. तीन वेगळ्या वस्तू. 1932 च्या ऑगस्टमध्ये जातीय निवाडा आला. त्यात आपल्याला प्रांतिक कायदेमंडळांत 71 सीट्स होत्या आणि त्यांच्यासाठी 'सेपरेट इलेक्टोरेट' होतं, म्हणजे त्या खुर्चीवर कोणाला बसवायचं हे फक्त आपली माणसं ठरवणार. शिवाय सर्वसाधारण निवडणुकीतलं दुसरं मत आपल्याकडं राहणार. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात उपोषणाला बसले. 24 सप्टेंबर 1932 ला पुणे करार झाला. सीट्स 71 च्या 148 झाल्या, पण इलेक्टोरेट 'जॉइंट' झालं. आधी आपल्या मतदारांनी चार जणांचं पॅनेल निवडायचं, मग त्या चारांतला एक सगळ्यांनी मिळून निवडायचा. स्वतंत्र भारताच्या घटनेत तर पॅनेलही उरलं नाही.

खुर्च्या दुप्पट झाल्या. खुर्चीवर बसवणारा हात बदलला. खुर्च्या मोजणारे म्हणतात आपण जिंकलो. हात बघणारे काय म्हणतात?

याचं उत्तर पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मिळालं. 1952 साली उत्तर मुंबईतल्या लोकसभेच्या राखीव जागेवर स्वतः बाबासाहेब उभे होते. घटना लिहिणारा माणूस. राखीव सीटवर हरला. काँग्रेसचे काजरोळकर सुमारे 14 हजार मतांनी निवडून आले. निवडून आलेले आपल्याच समाजातले होते, चांभार समाजातले, म्हणून माझा राग त्या माणसावर नाही. सीट राखीव होती, इलेक्टोरेट राखीव नव्हतं. आज आपले आमदार-खासदार अत्याचाराच्या प्रश्नावर गप्प का बसतात, असं आपण चौकात ओरडून विचारतो. त्यांना शिव्या जरूर द्या. पण त्यांना खुर्ची कोणी दिली तेही विचारा. माणूस ज्याच्या मतानं निवडून येतो त्याच्याच तोंडाकडं बघतो.

तिसरी फट 'जागा' या शब्दात आहे, आणि ती सगळ्यात महागात पडते.

विधानसभेतली ती जागा, नोकरीतली ती जागा, कॉलेजात प्रवेश मिळाला ती जागा, आणि कोणी रिटायर झालं की रिकामी होते तीही जागाच. इंग्रजीत पहिली आणि तिसरी 'सीट', दुसरी 'पोस्ट', चौथी 'व्हेकन्सी'. सरकारी मराठीत 'पद' आणि 'रिक्त पद' हे शब्द आहेत, पण वापरतो कोण?

लोकलच्या डब्यात, कॅन्टीनमध्ये, हल्ली मोबाइलवर एक वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल: 'आंबेडकरांनीच आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी दिलं होतं.' आणि आपला पदवीधर पोरगा खाली मान घालतो! अरे, मान कशाला घालतोस? घटना उघड. दहा वर्षांची मुदत 334 व्या कलमात आहे, आणि ते कलम लोकसभा आणि विधानसभांमधल्या 'सीट्स'बद्दल आहे. ती मुदत संसदेनं वेळोवेळी वाढवली, शेवटची 104 व्या घटनादुरुस्तीने, जानेवारी 2030 पर्यंत. नोकरीतल्या 'पोस्ट्स'बद्दलचं कलम 16(4) वेगळं आहे. त्यात मुदतीचा शब्दही नाही. शिक्षणाची तरतूद 15(4) मध्ये आहे, ती 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आली. तिच्यातही मुदत नाही. इंग्रजीतल्या तीन गोष्टी मराठीतल्या एका 'जागे'त कोंबल्या आणि त्या थापेवर आपल्या तीन पिढ्यांची तोंडं बंद केली.

आता 'पोस्ट' आणि 'व्हेकन्सी'. जाहिरात येते: जागा पाच, अनुसूचित जातीसाठी शून्य. तुम्ही चिडता. कारकून म्हणतो, पाचाचे 13 टक्के काढा, अर्धा माणूस कुठून आणू? हिशेब बरोबर वाटतो, म्हणून तुम्ही परत येता. पण टक्केवारी कशाची काढायची? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1995 साली पंजाबच्या सभरवाल खटल्यात हाच प्रश्न सोडवला. टक्केवारी 'पोस्ट'वर चालते, 'व्हेकन्सी'वर नाही. म्हणजे संवर्गात एकूण पदं शंभर असतील तर तेरा आपली. तेरा भरली असतील आणि आपला एक माणूस रिटायर झाला, तर ती जागा आपल्याच माणसानं भरायची. आणि तेरापैकी सहाच भरली असतील तर सात पदं देणं आहे. त्याला अनुशेष म्हणतात. 2000 सालच्या 81 व्या घटनादुरुस्तीने तर तो अनुशेष त्या वर्षाच्या 50 टक्क्यांच्या मर्यादेत मोजायचा नाही असंही ठरवलं.

या निकालाची दुसरी धारही सांगितली पाहिजे. कोटा एकदा भरला की रोस्टर थांबतं, पुढच्या प्रत्येक रिक्त पदावर हक्क सांगता येत नाही. चळवळीनं स्वतःच्या सोयीचं अर्धंच वाचू नये. पण आपली अडचण सध्या भरून वाहण्याची नाही. म्हणून जाहिरातीशी भांडू नका. जाहिरातीत 'व्हेकन्सी' असते. 'पोस्ट' कुठं असते? बिंदुनामावलीत. माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा आहे. अर्ज करा आणि त्या संवर्गाची बिंदुनामावली मागा. कारकुनाचा आवाज तिथं खाली येतो. मी त्या टेबलाच्या पलीकडं बसलेलो आहे, म्हणून सांगतो.

याच कलमात आणखी एक शब्द आहे. ज्या मागासवर्गाला राज्याच्या सेवेत 'ॲडिक्वेट' प्रतिनिधित्व नाही, त्याच्यासाठी राज्य तरतूद करू शकतं. 'ॲडिक्वेट' म्हणजे पुरेसं. आणि लोकसभेच्या सीट्सच्या 330 व्या कलमात शब्द आहे 'प्रपोर्शन', लोकसंख्येच्या प्रमाणात. आपण सभेत घोषणा देतो ती प्रमाणाची. कागदावर नोकरीसाठी लिहिलंय ते पुरेसं. 1992 च्या मंडल निकालात न्यायालयानं हा फरक स्पष्ट सांगितला: ॲडिक्वेट म्हणजे प्रपोर्शनेट नव्हे. प्रमाण मोजता येतं, खानेसुमारीचा आकडा पुढं ठेवला की वाद मिटतो. 'पुरेसं' कोणाच्या मापानं? घटनाच सांगते, राज्याच्या मतानं. वाढणाऱ्यानंच ठरवायचं की ताटातलं पुरेसं झालं. गंमत अशी, की 'ॲडिक्वेट'च्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ 'समान' असा आहे. वाटेत कुठंतरी समानता गळून पडली आणि 'पुरे आता' एवढंच उरलं.

आता पोलीस ठाण्यात येऊ.

1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात शब्द आहेत 'इन एनी प्लेस विदिन पब्लिक व्ह्यू'. आपल्या फिर्यादीत सर्रास लिहिलं जातं 'सार्वजनिक ठिकाणी'. ते झालं 'पब्लिक प्लेस'. वाटतं एकच. पण रस्ता, बाजार, एसटी स्टँड ही 'पब्लिक प्लेस'. 'पब्लिक व्ह्यू' म्हणजे जागा कोणाचीही असो, तिथं लोकांची नजर आणि कान पोचतात का? 2008 साली स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा फरक उलगडून सांगितला. घराच्या फाटकाशी शिवी दिली तर जागा खाजगी असूनही ती लोकांच्या नजरेतली जागा ठरते. उलट चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना दिली, तर हे कलम लागत नाही. 2020 च्या उत्तराखंडच्या हितेश वर्मा खटल्यातही तेच धरलं गेलं.

म्हणजे फिर्याद देताना नुसतं 'सार्वजनिक ठिकाणी' लिहून घेतलंत, तर समोरचा वकील सातबारा काढून दाखवील की ही जागा खाजगी मालकीची आहे, आणि तुम्ही जागेच्या मालकीवर भांडत बसाल. लिहून घ्यायचं ते असं: उभे कुठं होतो, रस्ता किती पावलांवर होता, कोण बघत होतं, कोणी ऐकलं. नावं घाला. घरचे सोडून बाहेरच्यांची घाला.

त्याच वाक्यात आणखी एक जोडी आहे. 'इन्सल्ट' आणि 'ह्युमिलिएट'. मराठीत दोन्ही अपमानच. 'इन्सल्ट'च्या मुळात अंगावर उडी घेणं आहे. 'ह्युमिलिएट'च्या मुळात जमीन आहे, माती. एकानं हल्ला होतो, दुसऱ्यानं माणूस मातीला मिळतो. कायदा म्हणतो, इन्सल्ट केला, पण ह्युमिलिएट करायच्या इराद्यानं केला का? जातीमुळं केला का? भांडणात कोणीही कोणाला गाढव म्हणतो, तो इन्सल्ट. पण तुझी जात काय आणि तू खुर्चीवर बसतोस काय, हे मातीला मिळवणं आहे. म्हणून 'अपमान केला' एवढ्यावर थांबू नका. उच्चारलेला शब्द जसाच्या तसा लिहून घ्या. हवालदार म्हणेल, घाण शब्द आहे, राहू दे. त्याला सांगा, घाण माझी नाही, लिहा.

शेवटची फट सर्वांत रुंद आहे. 'ॲबॉलिश' आणि 'ॲनाइहिलेट'.

घटनेच्या 17 व्या कलमानं अस्पृश्यता 'ॲबॉलिश' केली. म्हणजे कायद्यानं रद्द केली. शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो 'अस्पृश्यता नष्ट केली'. रद्द वेगळं, नष्ट वेगळं. नोट रद्द होते, पण घराघरांतल्या गादीखाली ती असतेच. म्हणून तर 1955 साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा करावा लागला, 1976 साली तो कडक करावा लागला, 1989 साली आणखी एक करावा लागला. जी वस्तू नष्ट झाली तिच्यासाठी एवढे कायदे कशाला लागतात?

आणि 'ॲनाइहिलेट' म्हणजे काहीच उरू न देणं, शून्य करणं. 1936 साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण वाचून मंडळींची पाचावर धारण बसली. मजकूर बदला म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. त्याच्या नावात रिफॉर्म नाही, ॲबॉलिशनही नाही. ॲनाइहिलेशन आहे, आणि ते अस्पृश्यतेचं नाही, जातीचं आहे. सुधारणा सरकार करू शकतं. रद्द संसद करू शकते. शून्य करायचं काम कोणत्याही कलमात बसत नाही, ते माणसांनाच करावं लागतं. घटनेनं अस्पृश्यता रद्द केली, जात रद्द केली नाही. त्या दोन शब्दांमधलं अंतर हेच आपल्या चळवळीचं काम आहे.

काही मित्र म्हणतील, म्हणजे इंग्रजी शिका, इंग्रजीचीच आरती करा. नाही. मराठी ही माझ्या आईची भाषा आहे आणि ती दुबळी नाही. तिला 'निराश्रित' आणि 'बहिष्कृत' यातला फरक कळत होता. दुबळे आपण आहोत, कारण दोन शब्द समोर असताना आळसानं एकावर भागवतो. दुसरे मित्र म्हणतील, शब्दांनी क्रांती होते काय? होत नाही. पण मोर्चा काढून साहेबाच्या दारात गेल्यावर आत जो कागद पुढं सरकवला जातो, तो शब्दांचाच असतो. मोर्चानं मिळवलेलं त्या कागदावर घालवू नका.

म्हणून एक काम सांगतो आणि थांबतो. प्रत्येक वस्तीच्या वाचनालयात एक वही ठेवा. तीन रकाने आखा. पहिल्यात कायद्यातला, जीआरमधला, जाहिरातीतला इंग्रजी शब्द. दुसऱ्यात आपण बोलतो तो मराठी शब्द. तिसऱ्यात मधे काय गळालं ते. कॉलेजातल्यांनी पहिला रकाना भरा. दुसरा वस्तीतल्या आयाबायांना विचारून भरा. तिसरा सगळ्यांनी बसून, भांडून भरा. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. कोऱ्या आणू नका.

जय भीम.